आवाज वाढवण्याचा उद्योग

माझ्या नवऱ्याचे कान अधू झालेत हे मला केव्हाच कळलं होतं, आणि तो मात्र गाडीचे स्पीकर बदलत बसला होता.

गाडी म्हणजे मोटरसायकल. साधी नव्हे, लांबच्या प्रवासासाठी बनवलेली ती धिप्पाड जात. पुढे वारा अडवायला काच, मागे सामानाच्या दोन पेट्या, आणि हँडलच्या पुढच्या प्लास्टिकच्या खोळीत उजवीकडे एक, डावीकडे एक असे गाणी ऐकायचे स्पीकर. पन्नाशी उलटल्यावर याने ती कुणाकडून तरी जुनी विकत घेतली. लोकांचे नवरे या वयात गुडघ्याला चोळायचं तेल आणतात, आमच्या घरात हे धूड आलं. पण खोटं कशाला बोलू, मला ती गाडी आवडायची. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. आठवडाभर तो त्याच्या कारखान्यात, मी माझ्या ऑफिसात, आणि जेवताना विषय काय तर वाटाणे महागले. रविवारी त्याच्या मागे बसून म्हैसूरच्या बाहेर पडलं की बरं वाटायचं. कधी बेट्टदपूरच्या डोंगराखाली जाऊन वडा खायचा, कधी नुसतंच कालव्याच्या कडेने जाऊन परत यायचं.

तर मी त्याच्या मागे बसते, आणि पुढे बसलेल्या माणसाला मागून आलेल्या लॉरीचा हॉर्न ऐकू येत नाही. माझी तक्रार एवढीच होती. यात न समजण्यासारखं काय आहे मला सांगा.

घरातही तेच. बेल वाजते, हा पेपर वाचतोय. कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगितल्या तर म्हणणार, 'झाल्या असतील तीन', आणि डाळीचा लगदा. टीव्ही इतका मोठा की खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीणबाई जिना चढून वर यायच्या. जयलक्ष्मीपुरममधलं हे घर त्यांचंच. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहिलेलं, एके काळी साड्या रंगवायचं आणि छापायचं काम करायचे. घरात अजून मराठीच बोलतात, पण त्यात कानडी इतकं मिसळलेलं की आमच्या कोल्हापूरकडच्या माणसाने ते ऐकलं तर दोन मिनिटं बघतच राहील. "काय ओ ताई, सुम्ने कशाला येवढं मोठ्ठं लावतात? स्वल्प कमी करा की. आमच्या ह्यांना बीपी हाय, गोत्ता?" सुम्ने म्हणजे उगाच, गोत्ता म्हणजे ठाऊक आहे का. मी आपली 'हो काकू, हो काकू' करत आवाज कमी करायची, आणि हा सोफ्यावरून म्हणायचा, "काय म्हणत होत्या त्या?"

"एकदा कान दाखवून येऊ," मी म्हणाले. एकदा नाही, शंभरदा. शांतपणे सांगितलं, चिडून सांगितलं, मुलीकडून फोनवर सांगवलं. उत्तर ठरलेलं. "माझ्या कानांना काय धाड भरलीय? गाडीवर ऐकू येत नाही कारण ते स्पीकर भंगार झालेत."

झालं. उद्योगाला सुरुवात झाली.

आधी म्हणे कंपनीचेच नवे स्पीकर बसवू. दुकानदाराने किंमत सांगितली. ती मात्र याला एका दमात ऐकू आली. घरी येऊन म्हणाला, एवढ्यात नवा फ्रिज येईल, आपण हे बजेटमध्ये करू. 'बजेटमध्ये' हा शब्द नवऱ्याच्या तोंडून ऐकला की बायकांनी सावध व्हावं. त्याचा अर्थ असा की वस्तू स्वस्त येणार आणि बसवणार तो स्वतः, माझ्या बाल्कनीत, माझ्या जुन्या चादरीवर.

त्याने गाडीच्या दारात बसवायचे स्पीकर मागवले. चारचाकीच्या दारात. ते मोटरसायकलच्या भोकात कसे बसणार? नाहीच बसले. भोक मोठं, स्पीकर लहान. मधे गोल कडं हवं. ते कुठून आणायचं याचा विचार करत तो एक दिवस स्वयंपाकघरात उभा राहिला होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तर तुरीच्या डाळीच्या डब्यावर प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. चण्याच्या डब्यावरही तेच. झाकणं गायब! साहेबांनी ती करवतीने मधोमध कापून कडी बनवली होती. "एकदम मापात बसली बघ," म्हणाला. त्याला इतका आनंद झाला होता की मी ओरडायची ती ओरडलेच, पण थोडं कमी.

मग म्हणे या स्पीकरना जोर कमी पडतो, ॲम्प्लिफायर लागेल. तोही आला, हाताच्या पंजाएवढा, सीटखाली बसवला. वायर थेट बॅटरीला जोडली. चावी काढली तरी तो आत बसून बॅटरी पीत राहायचा. सोमवारी सकाळी गाडी ठार. ऑफिसला निघायच्या गडबडीत मी साडी खोचून ते धूड ढकलतेय, हा वर बसून "अजून थोडं, अजून थोडं" म्हणतोय, आणि काकू दारात उभ्या राहून "अय्यो" करतायत. असल्या वेळी देवाने मला गप्प बसायची बुद्धी कधीच दिली नाही. काकूंना त्या दिवशी कोल्हापुरी मराठीतले बरेच शब्द नव्याने कळले.

तेही निस्तरलं. ॲम्प्लिफायर नीट बसला, गाडी सुरू झाली, गाणं लागलं. आणि गाण्याच्या मागे एक बारीक, टोकदार कुईं असा आवाज. इंजिन वाढवलं की तो वर चढायचा, कमी केलं की खाली उतरायचा. माझे दात शिवशिवले. काकूंनी खिडकी लावून घेतली. हा मात्र हेल्मेट घालून गाडीवर बसला होता आणि चेहरा असा की जणू लग्नाच्या मांडवात बसलाय.

"कसा वाटतोय?" म्हणाला. "एकदम क्लीन आहे ना?"

"तो आवाज येतोय तो काय आहे?"

"कुठला आवाज?"

तो आवाज त्याला येतच नव्हता. थोडासुद्धा नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली, आणि भीती वाटली की मी चिडते, हे माझं पहिल्यापासूनचं आहे. मी म्हणाले, "कप्पाळ माझं," आणि आत गेले.

नवरात्रात त्याने पुन्हा सगळी खोळ उघडली. का, तर डावा स्पीकर कमी वाजतो. मग डावा काढून उजवीकडे बसवला आणि उजवा डावीकडे. गाणं लावलं. कान देऊन ऐकलं. "अजून डावाच कमी आहे," म्हणाला.

मी भाजी निवडत होते. ती ठेवली. "अरे, स्पीकर बदलले तरी डावाच कमी? मग तुझ्याकडे डावं आणखी काय काय आहे ते मी सांगू का?"

क्षणभर मला वाटलं, आता बोलणार. पण पक्कड उचलून म्हणाला, "वायरिंग असेल. दोन्ही काढून नव्याने ओढतो."

त्याच क्षणी माझं ठरलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. म्हैसुरात त्या दिवशी रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याची पूजा होते, पण आमचा नवरा त्या बाबतीत म्हैसूरकरांच्या वरताण. त्याचे वडील गिरणीत फिटर होते. पूजेला मांडलेलं हत्यार पूजा उठेपर्यंत उचलायचं नाही, त्याला त्या दिवशी विश्रांती असते, हे त्यांनी पोराच्या मनावर असं कोरलंय की बाकी कशावर विश्वास नसला तरी यावर आहे. मी पहाटे उठले. बाल्कनीतून त्याचे पाने, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, झालंच तर तो ॲम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर, सगळं उचललं आणि देवापुढे पाटावर मांडलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. डाव्या स्पीकरला जरा जास्तच कुंकू लावलं.

तो अंघोळ करून आला आणि पाटापुढे थबकला. "अगं, गाडी उघडी आहे माझी! निदान दहा नंबरचा पाना तरी..."

"देवापुढून उचलतोस? उचल."

हात पुढे आला आणि मागे गेला. "पूजा कधी उठेल?"

"उद्या संध्याकाळी. आरती झाल्यावर." आमच्या घरी दसऱ्याला सकाळीच उठते. पण तेवढं मी वाढवलं.

काय सांगू, दिवसभर घरात अशी शांतता की मलाच करमेना. दुपारी त्याने गाडी धुतली. काकूंनी बाहेर येऊन कोहळा फोडला, गाडीला केळीचे खुंट बांधले आणि पुढच्या खोळीतल्या त्या दोन रिकाम्या भोकांवरून झेंडूच्या माळा सोडल्या. "आता कशी दिसत्ये, अल्वा?" म्हणाल्या, म्हणजे 'हो की नाही?' दिसत होती खरी छान. आवाज नाही, भानगड नाही.

दसऱ्याला सीमोल्लंघन झालंच पाहिजे हा त्याचा दुसरा हट्ट. गाव ओलांडून जायचं. तसंही त्या दिवशी म्हैसुरात मिरवणुकीसाठी लोक बाहेरून लोटतात, मुंगीला जागा नसते, तेव्हा गावातल्यांनी बाहेर गेलेलंच बरं. सकाळी लवकर तलकाडला जायचं ठरलं. कावेरीत पाय बुडवायचे, वाळूत गाडलेली देवळं बघायची, जेवायला घरी. निघताना बघते तर दोन्ही आरसे मान टाकलेले. खोळ काढताना त्याने ते सैल केले होते, आणि घट्ट करायचा पाना देवापुढे. वर धरले तरी खाली यायचे, त्यात त्याची कोपरं तेवढी दिसायची. "चालतंय," म्हणाला. मीही चालवून घेतलं. हट्ट माझाही कमी नव्हता.

त्या दिवशी गाडीवर पहिल्यांदा गाणं नव्हतं. वाऱ्याचा आवाज, इंजिनाचा आवाज, बास. मला वाटलं, आज बोलता येईल. मी मागून म्हणाले, "ऊस बघ कसा उभा आहे." उत्तर नाही. "अरे, परतताना गुळाची ढेप घेऊ या." उत्तर नाही. हेल्मेट वर करून त्याच्या कानापाशी ओरडले तेव्हा म्हणाला, "हो हो, थांबू या पुढे."

नरसीपूर सोडल्यावर मागून लॉरी आली. लांबून हॉर्न देत येत होती, मला ऐकू येत होता, जवळ जवळ येत होता. आमच्या पुढे खड्डा होता. खड्डा चुकवायला त्याने गाडी सरळ उजवीकडे घेतली, लॉरीच्या पुढ्यात. मी किंचाळले. त्याच्या दोन्ही खांद्यांवर मुठी आपटल्या. लॉरीवाल्याने करकचून ब्रेक दाबला असणार, कारण ती आमच्या बाजूने गेली तेव्हा तिचं मडगार्ड माझ्या गुडघ्याला वारा घालून गेलं. क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन शिव्या देत होता. आणि हा त्याला हात दाखवून म्हणाला, "हॉर्न नाही देता येत का?"

तलकाड आलं. देवळाकडे गेलोच नाही. नदीकाठच्या वाळूत जाऊन मी बसले. तो समोर उभा राहिला.

"हॉर्न देत होता," मी म्हणाले. "केव्हापासून देत होता. मेलो असतो आज आपण. तुला कळतंय का? तुझे कान गेलेत. स्पीकर नाही, वायरिंग नाही. कान!"

तो खाली बसला. हातात वाळू घेतली, सोडली.

"माहीतेय मला," म्हणाला.

"काय?"

"माहीतेय. तुझ्या आधीपासून. दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या तपासणीत डॉक्टरने सांगितलं होतं. डावा जवळपास गेलाय, उजवा अर्धा आहे."

"मग हा सगळा तमाशा? माझ्या डब्यांची झाकणं? तो ॲम्प्लिफायर?"

"गाणं मोठ्याने चालू असलं की तू मागून काही बोललीस आणि मी उत्तर दिलं नाही, तर तू म्हणतेस, मेलं ते गाणं बंद कर. कान दाखव म्हणत नाहीस." तो नदीकडे बघत बोलत होता. "मला गाणं नको होतं गं. आवाज पाहिजे होता. जितका मोठा मिळेल तितका. ऐकू येत नाही म्हटल्यावर तू मागे बसली नसतीस."

"नाहीच बसणार!" मी ओरडले. आजूबाजूची माणसं बघायला लागली. "दोन वर्षं मला मागे बसवून फिरवलंस, तुला माहीत असताना? मी काय पेटीतलं सामान आहे?"

मी उठले, चपला हातात घेतल्या आणि स्टँडकडे चालायला लागले. तो गाडी घेऊन हळूहळू माझ्या बाजूने येत होता. "अगं, बस ना. सावकाश नेतो. डोळ्यांना काही झालेलं नाहीये माझ्या." मी ऐकलं नाही. मला ऐकू येत होतं, तरी ऐकलं नाही.

बस खच्चून भरलेली होती. सगळ्यांना दुपारच्या आत म्हैसूर गाठून मिरवणूक बघायची होती. पोरं मांडीवर, म्हाताऱ्या पायरीवर, केसांत शेवंतीचे गजरे. एका बाईने सरकून मला अर्धी जागा दिली. तो आमच्या आधी निघून गेला होता. मला वाटलं, जाऊ दे, घरी गेल्यावर बघते.

थोडं पुढे गेल्यावर बस रांगायला लागली. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. एकदा, दोनदा, मग हात काढेचना. लोक खिडकीतून वाकून बघायला लागले, पोरं रडायला लागली, मागून कुणीतरी ओरडलं, "एन् आय्तु?" काय झालं? मीही वाकून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध आमची गाडी. केळीचे खुंट डोलतायत, झेंडूच्या माळा उडतायत, आरसे खाली मान घालून बसलेत, आणि हा ताठ बसून, सावकाश, अगदी सावकाश चालवतोय. मला कबूल केल्यासारखा. बस त्याच्या पाठीला जवळजवळ टेकली होती, हॉर्नने माझे कान किटले होते, आणि त्या माणसाने मानसुद्धा वळवली नाही.

शेजारची बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "किवुडा इरबेकु." बहिरा असणार.

"हौदु," मी म्हणाले. माझं कानडी तसं भाजी आणण्यापुरतं. पण ते आलं. "हौदु. नम्म यजमान्रु." हो, माझा नवरा आहे.

बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग ती पुढे वाकून कुणाला तरी काही बोलली, ते तिसऱ्याला, आणि मी उठून गर्दीतून वाट काढत ड्रायव्हरपाशी पोचले तेव्हा त्याने हॉर्नवरचा हात आधीच काढला होता. मी मोडक्यातोडक्या कानडीत सांगितलं की त्यांना ऐकू येत नाही, ओव्हरटेक करू नका, घाबरतील, पुढे रस्ता रुंद झाला की सरकतील. ड्रायव्हरने मान डोलावली आणि गिअर खाली टाकला.

मिरवणुकीची घाई असलेली ती अख्खी बस त्याच्या मागून बैलगाडीच्या वेगाने चालत राहिली आणि कुणी एका शब्दाने कुरकुरलं नाही. जे मला सांगायला त्याला दोन वर्षं जमलं नाही, ते आता पायरीवरच्या म्हाताऱ्यांनाही माहीत झालं होतं. फक्त त्याला माहीत नव्हतं की आपल्या मागे कोण आहे. मी ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरून, काचेतून नवऱ्याच्या पाठीकडे बघत उभी होते. रडू आवरत नव्हतं आणि रागही आवरत नव्हता. तोंडाला येतील त्या सगळ्या शिव्या मी त्याला मोठ्याने घातल्या, मराठीत. बसमध्ये त्या कुणालाच कळल्या नाहीत, आणि त्याच्यापर्यंत पोचायचा तर प्रश्नच नव्हता.